मेनेसच्या मागावर: कैरो, मेम्फिस, अबिडोस

मेनेसला शोधायला इजिप्तला निघणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. या राजाचं नाव एका गावात आहे, चेहरा दुसऱ्या गावात, आणि त्याने वसवलं म्हणतात ते शहर तिसरीकडे गाळाखाली गेलंय. म्हणून क्रमाला फार महत्त्व आहे. आधी कैरो, मग मेम्फिस, शेवटी अबिडोस असंच जावं. थेट लक्सरला उतरून पहिल्या दिवशी अबिडोस गाठणाऱ्याला भिंतीवर नुसती नावं दिसतात. कैरोतली नारमेर या आद्य राजाची कोरीव दगडी पाटी पाहून गेलेल्याला त्याच भिंतीत पहिल्या राजवंशाचा हिशोब लागतो.

मेनेस म्हणजे दोन्ही इजिप्त, नाईलच्या वरच्या अंगाचं (दक्षिणेकडचं, म्हणजे वरचं इजिप्त) आणि मुखाकडचं (उत्तरेकडचं, म्हणजे खालचं इजिप्त), एका छत्राखाली आणणारा पहिला राजा. काळ साधारण इ.स.पू. 3100. हे परंपरेचं म्हणणं. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने त्याला मिन म्हटलंय आणि नाईलला बांध घालून, पात्र वळवून मोकळ्या झालेल्या जमिनीवर मेम्फिस वसवल्याचं श्रेय दिलंय. इ.स.पू. तिसऱ्या शतकातला इजिप्शियन पुजारी मानेथो त्याला अबिडोसजवळच्या थिनिस शहराचा म्हणतो, 62 वर्षं राज्य देतो आणि शेवटी पाणघोड्याच्या तोंडी देतो. ग्रीक लेखक डायोडोरसच्या कथेत स्वतःचेच कुत्रे उलटल्यावर मगर त्याला पाठीवर घेऊन पैलतीरी पोचवते. पण हे सगळे लेखक त्याच्यानंतर अडीच ते तीन हजार वर्षांनी लिहीत होते. इ.स.पू. 3100 च्या वस्तूंवर ठळक दिसतात ती नावं वेगळी आहेत: नारमेर आणि होर-आहा. यातला मेनेस कोणता, हा प्रश्न डोक्यात ठेवून फिरलात तर सहल सार्थकी लागते.

कैरोत तहरीर चौकातलं जुनं संग्रहालय गाठा. नारमेरची पाटी तिथे आहे. गिझाच्या नव्या मोठ्या संग्रहालयाचं तिकीट काढून तिला शोधत बसू नका. तळमजल्यावर दारापासून जवळच तिची काचपेटी आहे. सापडली नाही तर रखवालदाराला ‘लौहत नारमेर’ एवढं म्हणा, बोट दाखवतो. दार उघडल्याउघडल्या जा. दहा वाजले की गटांच्या बस येतात आणि पेटीभोवती उभं राहायला जागा उरत नाही.

पाटी 64 सेंटीमीटर उंच, हिरवट करड्या दगडाची, ढालीच्या आकाराची. लोक एक बाजू बघतात, फोटो काढतात आणि पुढे सरकतात. तिला पूर्ण प्रदक्षिणा घाला. एका बाजूला राजाच्या डोक्यावर वरच्या इजिप्तचा पांढरा उंच मुकुट आहे. त्याने गुडघे टेकलेल्या शत्रूचे केस मुठीत धरलेत, दुसऱ्या हातात गदा उगारलीय. मागे चपला हातात घेतलेला सेवक उभा आहे, म्हणजे राजा अनवाणी आहे. शत्रूच्या वर ससाणा बसलाय आणि त्याने माणसाच्या डोक्याला अडकवलेली दोरी धरलीय. त्या डोक्याच्या अंगातून पपायरसची झाडं उगवलीत: मुखाकडचा दलदलीचा मुलूख काबीज केला, असा त्याचा अर्थ लावतात. दुसऱ्या बाजूला तोच राजा, पण डोक्यावर खालच्या इजिप्तचा लाल मुकुट. त्याच्यासमोर हात बांधलेली दहा प्रेतं दोन रांगांत, मुंडकी पायांमध्ये ठेवलेली. मधोमध दोन लांब मानेची जनावरं माना गुंफून उभी आहेत आणि त्या मानांच्या वेढ्यात एक खोलगट वाटी झालीय. डोळ्यांत घालायचा रंग अशा पाट्यांवर वाटत, ती ही जागा. तळाशी बैल शिंगांनी तटबंदी फोडतोय.

आता दोन्ही बाजूंना अगदी वर, गायीच्या कानांच्या दोन चेहऱ्यांच्या मध्ये बघा. राजवाड्याच्या दर्शनी भिंतीसारखी चौकट आहे. तिला सेरेख म्हणतात. आत एक मागूर मासा आणि खाली छिन्नी. मासा ‘नार’, छिन्नी ‘मेर’. नाव एवढंच. हा मासा नीट लक्षात ठेवा, अबिडोसला त्याची गरज पडणार आहे. किबेल आणि ग्रीन या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञांना ही पाटी 1897-98 च्या खोदकामात हिएराकोनपोलिसला, म्हणजे एडफूच्या उत्तरेला, मिळाली. ती मूळ जागा पाहायला वेगळी परवानगी लागते. या सहलीत तिचा हट्ट नको.

मेम्फिस, आजचं मित रहीना, कैरोच्या दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर. तासभर पुरतो. आडवा पडलेला रामेसिस दुसरा आणि अलाबास्टरचा स्फिंक्स बघण्यासारखे आहेतच, पण ते मेनेसच्या दीड-दोन हजार वर्षांनंतरचे. ‘हे मेनेसने बांधलं’ असं कुणी सांगितलं तर सोडून द्या. नाईल शतकानुशतकं पूर्वेला सरकत गेली, जुनं शहर गाळात आणि भूजलात गेलं, आणि वर आता खजुराच्या बागा आणि घरं आहेत. त्याच गाडीने सक्कारा करा. तिथल्या उत्तरेकडच्या कड्यावर पहिल्या राजवंशातल्या बड्या अधिकाऱ्यांच्या कच्च्या विटांच्या कबरी आहेत, त्यातली सर्वात जुनी होर-आहाच्या काळातली. राजधानी इथे खाली होती, याचा तोच सर्वात भक्कम पुरावा.

अबिडोसचा पूर्ण दिवस ठेवा. लक्सरहून अंतर साधारण 160 किलोमीटर, गाडीने अडीच ते तीन तास. वाटेत पोलिसांच्या चौक्या लागतात, पासपोर्ट मूळच ठेवा, झेरॉक्स चालेलच असं नाही. रेल्वेने जायचं तर कैरो-लक्सर मार्गावरचं अल-बलयाना स्टेशन, तिथून देऊळ दहाएक किलोमीटर. सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, हे तिकीट काढतानाच पाहा. लक्सरचे गाडीवाले अबिडोस आणि वाटेवरचं देंदेराचं देऊळ एकत्र देतात. तेव्हा अबिडोस आधी, देंदेरा परतीला, असं ठरवून घ्या. उलट केलंत तर अबिडोसला पोचेपर्यंत दुपार टळते आणि दार बंद व्हायची घाई सुरू होते. रमजानमध्ये वेळा आणखी आखडतात.

बहुतेक तिकीट खिडक्यांवर आता कार्डच लागतं. आपल्या बँकेच्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, ते निघण्याआधी ॲपवरून सुरू करा. खिडकीसमोर ओटीपीची वाट बघत थांबलेली माणसं नेहमी दिसतात. बक्षिसीसाठी (टिप) सुट्ट्या नोटा वेगळ्या खिशात ठेवा. शाकाहारी मंडळींना कोशरी (भात, मसूर, मॅकरोनी), फूल (शिजवलेला बाकला) आणि तामेया (बाकल्याचे तळलेले वडे) सगळीकडे मिळतं. बलयानानंतर मात्र सोयीचं हॉटेल सापडेलच असं नाही, डबा आणि पाणी बरोबर असू द्या.

अबिडोसला बघायचं ते एकोणिसाव्या राजवंशातल्या सेती राजाचं देऊळ. त्यात शिरल्यावर पहिल्या खांबांच्या दालनात तुम्हाला ‘हेलिकॉप्टर’ दाखवायला नेतील. सेतीच्या नावांवर त्याच्या मुलाने, रामेसिस दुसऱ्याने, गिलावा करून आपली नावं कोरली, गिलावा गळाला, आणि दोन्ही कोरीवकाम एकमेकांत मिसळलं, एवढंच ते आहे. मिनिटभर बघा, पुढे चला. दुसऱ्या दालनातलं उठावाचं काम सेतीच्या कारागिरांचं. इजिप्तमध्ये इतकं नाजूक काम फार थोड्या ठिकाणी आहे. सात गाभारे ओलांडून डावीकडच्या अंगाला वळलं की एक चिंचोळा बोळ लागतो. त्याच्या उजव्या भिंतीवर राजांची यादी.

सेती हातात धुपाटणं घेऊन आणि छोटा रामेसिस हातात पपायरसची गुंडाळी घेऊन उभे आहेत. पितरांना पाणी देताना नावं घ्यावीत, तशी पूर्वजांची नावं घेऊन त्यांना नैवेद्य दाखवणं चाललंय. म्हणून नको असलेले पूर्वज वगळलेत: हत्शेप्सुत नाही, अखेनातेन नाही, तुतनखामुनही नाही. तीन ओळी, प्रत्येकीत 38 कार्तूश, म्हणजे नावाभोवतीच्या लांबट चौकटी. इथे मोजणारे हमखास चुकतात. तिसऱ्या ओळीत सेतीचीच दोन नावं आलटूनपालटून आहेत. राजे वरच्या दोन ओळींत, एकूण 76, आणि त्यातला शेवटचा सेती स्वतः.

सेतीच्या बाजूने वरच्या ओळीतली पहिली चौकट घ्या. मोबाईलचा दिवा भिंतीला जवळजवळ समांतर धरा, समोरून मारलात तर उठाव सपाट दिसतो. सोंगट्या मांडलेला सेनेत या जुन्या खेळाचा पट, पाण्याची नागमोडी रेघ आणि बोरूचं पान, ही तीन चिन्हं मिळून ‘मेनी’. हाच मेनेस. इथे मासा नाही, छिन्नी नाही. सेती त्याच्यानंतर अठराशे वर्षांनी झाला, हे विसरू नका.

पुढची नावं मोजा: तेती, इती, इता, सेप्ती, मेरिबियाप, सेम्सू, केबेह. मेनी धरून आठ. देवळामागे पश्चिमेला कड्याकडे तोंड करून उभं राहिलं की वाळवंटात दीड-दोन किलोमीटरवर उम्म अल-काब आहे, खापरांची आई. पहिल्या राजवंशाच्या कबरी तिथे आहेत. नारमेरची बी 17 आणि बी 18 या विटांच्या दोन लहान खोल्यांत. तिकडे सहसा पर्यटकांना सोडत नाहीत. रखवालदाराला पैसे देऊन जायचा प्रयत्न करू नका, खोदकाम अजून चालू असतं आणि पायाखाली खापरं फुटतात. जर्मन पुरातत्त्वज्ञांना तिथे मातीवर उमटलेले शिक्के मिळाले. काआ राजाच्या कबरीजवळच्या शिक्क्यावर क्रमाने आठ राजे आहेत: नारमेर, आहा, जेर, जेत, डेन, अनेजिब, सेमेरखेत, काआ. इथेही आठच, आणि पहिला मासा-छिन्नीवाला. आठ-आठ नावांच्या या दोन माळा शेजारी ठेवल्या की मेनी म्हणजे नारमेर हे पटायला लागतं. होर-आहाची बाजू घेणारे नकादाला मिळालेल्या हस्तिदंती पट्टीकडे बोट दाखवतात. तिच्यावर आहाच्या नावाजवळ एका मांडवात तोच सेनेतचा पट कोरलाय. मेनी म्हणजे आहा मानला तर तेती हा आहानंतरचा अल्पकाळचा राजा ठरतो, आणि मोजणी तशीही जुळते. आमचा कौल नारमेरला. तो शिक्का त्याच राजवंशाच्या दफनातून आलाय, आणि आपला पहिला राजा कोण हे त्या लोकांना सेतीपेक्षा नक्कीच जास्त ठाऊक असणार.

दोन्ही याद्या एका कागदावर समोरासमोर लिहून न्या. बोळात मोबाईलला रेंज मिळेल या भरवशावर राहू नका. इंग्लंडात राहणाऱ्यांनी परत गेल्यावर ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात नारमेरच्या गदेचं डोकं बघावं. तेही हिएराकोनपोलिसलाच मिळालं, आणि त्यावरही मासा आहे.