गाडी डिझेल पिऊन राहिली होती, पण इंजिन बसलं नव्हतं

आमची सहाचाकी ट्रक २०११ ची आहे, बीएस-३ (धुराचा जुना नियम) वाली, टर्बो (इंजिनात दाबून हवा भरणारा पंखा) आहे पण सेन्सर-बिन्सर काही नाही, डिझेलचा साधा मेकॅनिकल पंप. म्हणजे स्कॅनर लावून कोड वाचायची सोयच नाही, जे काय समजायचं ते धुरावरून, आवाजावरून आणि हात लावून. नागपूरच्या कळमन्यातून अमरावतीला फेऱ्या मारते, जाऊन-येऊन तीनशेच्या वर किलोमीटर, आणि साडेसहाचा ॲव्हरेज द्यायची. एप्रिलपासून तो घसरत घसरत पावणेपाचवर आला. टाकी फुल्ल ते फुल्ल करून मोजलं बरं का, काट्याच्या भरवशावर नाही. एका फेरीला सतरा-अठरा लिटर जास्तीचं डिझेल, बाबांचा तर बीपीच वाढला. वरून सत्याग्रही घाटात जिथे गाडी थर्डवर चढायची तिथे सेकंड टाकावा लागून राहिला होता आणि मागच्यांना काळा धूर.

ड्रायव्हर काका म्हणे, "ऊन आहे ना भाऊ, हवा पातळ झाली." तसं ते अगदी चूक नाही, पंचेचाळीस डिग्रीतली हवा पंधरा डिग्रीच्या हवेपेक्षा नऊ-दहा टक्के विरळ असते. पण मागच्या मे महिन्यात काय नागपुरात बर्फ पडला होता का?

वाडीतल्या एका मिस्त्रीनं तर गाडी चालू करून दोनदा रेस दिली आणि निकालच लावला, "इंजिन बसलं, हाफ इंजिन करून टाका," म्हणजे इंजिन खोलून लायनर-पिस्टन नवे टाका. मी म्हटलं थांबा. चालू इंजिनचं ऑइलचं झाकण काढून तिथेच उलटं ठेवलं. लायनर (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी) आणि पिस्टन खलास असले की बॅक कॉम्प्रेशननं, म्हणजे पिस्टनच्या बाजूनं खाली गळलेल्या गॅसच्या दाबानं, ते झाकण नाचते नाहीतर उडून पडते. आमचं थोडं थरथरलं बस्स. ऑइलही खात नव्हती, निळा धूर नव्हता. म्हणजे हाफ इंजिनचा खर्च वाचला.

पण शहाणपण इथंच संपलं माझं. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त पडून राहिलं असं धरून पंप आणि नोझल (डिझेल फवारणारे) काढून कॅलिब्रेशनला, म्हणजे माप तपासून सेट करायला दिले, अठरा हजार गेले, चार दिवस गाडी उभी, आणि ॲव्हरेज आला पाच. एवढंच! आता कळते की काळ्या धुराचा अर्थ डिझेल जास्त असा नाही, डिझेलच्या मानानं हवा कमी असा आहे. एक लिटर डिझेल पूर्ण जळायला कमीत कमी बारा किलो हवा लागते, आणि ती कुठे अडली की कुठे गळली हे आधी पाहायला पाहिजे होतं, ते फुकटातलं काम आहे. एअर फिल्टर मी बदलला होता, तेवढ्यावरच समाधान मानलं.

मग एका रविवारी घरीच कॅबिन टिल्ट करून टॉर्च घेऊन बसलो. इंटरकुलरच्या (टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) खालच्या रबरी पाइपाजवळ चेसिसवर काळी चिकट धूळ जमलेली, बाकी सगळीकडे साधी कोरडी धूळ. टर्बोमधून हवेसोबत थोडी ऑइलची वाफ येतेच, ती जिथून बाहेर पडते तिथे धूळ अशी चिकटते. पाइप वरून एकदम ठीक दिसे. क्लिप सैल करून वाकवला तर क्लिपच्या खालीच बोटभर चिरला होता. न्यूट्रलमध्ये रेस देऊन हे समजतच नाही, कारण लोड नसला की टर्बो प्रेशरच बनवत नाही, घाटात प्रेशर आलं की चीर उघडे आणि सगळी हवा बाहेर. म्हणून गॅरेजमध्ये कोणालाच दिसलं नाही (पाहिलंच कोणी होतं म्हणा). नवा पाइप, दोन क्लिपा, हजाराच्या आत काम. ॲव्हरेज पाच पॉइंट सात, घाटात परत थर्ड.

तरी साडेसहा नाही. त्या दिवशी काका अमरावतीहून आले तर चारही कोपऱ्यांवर ड्रमवर थोडं थोडं पाणी मारून पाहिलं, मागच्या डाव्यावर चर्र झालं, म्हणजे तो ड्रम तापलेला, बाकी तिघांवर काहीच नाही. जॅकवर उचललं तर चाक हातानं फिरेना, ब्रेकचं लायनर ड्रमला घासून राहिलं होतं. ब्रेकशू मागे ओढणारी स्प्रिंग मेली होती आणि त्यावर कोणीतरी ब्रेकचा अ‍ॅडजस्टर कसून ठेवला होता, म्हणजे गाडी रोज ब्रेक लावूनच अमरावतीला जाऊन राहिली होती! पिकअप नाही म्हणून आपण सगळे इंजिनाकडेच पाहतो न.

आता सहा पॉइंट दोन येते. उरलेला तो थोडासा कुठे जाते ते पाहून राहिलो, समोरचा उजवा टायर आतून जास्त घासलेला दिसला काल. अठरा हजाराच्या बिलाचं बाबांना अजून पूर्ण सांगितलेलं नाही.