बारमाही म्हणजे नक्की काय?

डिसेंबरात नर्सरीत शिरलं की दाराशीच पिटुनिया, डायंथस आणि झेंडूची पलटण उभी असते. गिऱ्हाईक एका कुंडीवर बोट ठेवून विचारतं, "बारमाही आहे ना?" माळी मान डोलावतो. त्याचंही अगदीच खोटं नसतं म्हणा, त्याच्याकडे बारा महिने काही ना काही फुललेलं असतंच. एप्रिलच्या उन्हात पिटुनियाचा पाचोळा होतो आणि घरात निकाल लागतो: आमच्या हाताला काही लागत नाही.

हाताचा काही दोष नाही, घोळ शब्दाचा आहे. झाड वर्षानुवर्षं जगतं का हा एक प्रश्न आणि ते वर्षभर फुलतं का हा दुसरा. मोगरा पहिल्यात पास, दुसऱ्यात नापास. शेवंतीचंही तेच, फुलं संपली की नऊ-दहा महिने नुसता पाला सांभाळायचा. दोन्हींत पास होणारी आणि चार दिवस गावाला गेलं तरी न रुसणारी झाडं मोजकी. ती दाराशी नसतात. मागे नळापाशी, काळ्या पिशव्यांत, धुळीने माखून बसलेली असतात.

त्यांत पहिला मान सदाफुलीचा. मूळची मादागास्करची, पण आपल्याकडे इतकी रुळली आहे की गच्चीच्या पन्हाळीत, जिन्याच्या फटीत न लावता उगवते. कुंडीत लावायची तर हीच गावठी, साधी गुलाबी किंवा पांढरी घ्यावी. मोठ्या फुलांच्या संकरित सदाफुल्या उन्हाळ्यात डोळे दिपवतात आणि जुलैच्या झडीत बुंध्याशी काळ्या पडून दोन दिवसांत माना टाकतात. पानं मलूल दिसली म्हणून तहान समजून आणखी पाणी घातलं जातं, तिथेच खेळ संपतो. मुळं कुजली तरी झाड तहानल्यासारखंच दिसतं. म्हणून आधी बोट मातीत दोन पेरं खुपसायचं. ओल लागली तर तांब्या खाली ठेवायचा.

सदाफुलीला आठ इंची कुंडी पुरते. वाळलेली फुलं खुडावी लागत नाहीत, आपसूक गळतात. दीड-दोन वर्षांनी बुंधा लाकडासारखा होऊन वरच चार फुलं उरली, की निम्म्यावर छाटायची. पंधरवड्यात खालून नवे धुमारे येतात. मधुमेहावर म्हणून तिची पानं चावायची टूम आहे, ती मात्र टाळावी. कॅनडातल्या संशोधकांनी मधुमेहासाठीच ही पानं तपासायला घेतली, तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होताना दिसल्या आणि 1958 साली हाती लागलं ते कर्करोगावरचं औषध. असं झाड सकाळी अनशापोटी खायचं नसतं.

गणपतीमुळे जास्वंद सगळ्यांना हवी असते, पण तिला कमी निगेची म्हणणं धाडसाचं. बारा इंचांहून लहान कुंडीत ती नुसती तगते. फूल एका दिवसाचं आणि नव्या फुटीवरच येणारं, त्यामुळे छाटणी चुकवली की हातभर काठ्या आणि टोकाला एक कळी. खोडावरून मुंग्यांची रांग चढताना दिसली तर पानांच्या बेचक्यात पाहावं. तिथे कापसासारखा पिठ्या ढेकूण असणार, मुंग्या त्याच्या गोड चिकट रसासाठी येतात. एक लिटर पाण्यात पाच मिलि कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण घालून संध्याकाळी पानांच्या खालून फवारायचं, आठ-आठ दिवसांनी तीनदा. एकदा फवारून थांबलं तर अंड्यांतून पुढची पिढी हजर.

झाड निवडण्याआधी ऊन मोजावं, तेही जूनचं वेगळं आणि डिसेंबरचं वेगळं. पुण्या-मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो. वर छज्जा असलेल्या दक्षिणेच्या बाल्कनीत ऐन जूनमध्ये थेट ऊन जवळपास येतच नाही, डिसेंबरात मात्र खोलीपर्यंत पोचतं. हिवाळ्यात तिथे बहरलेली बोगनवेल पावसाळ्यात हिरवीगार पण मुकी होते, ती यामुळे.

बोगनवेल खरं तर आळशी माणसासाठीच आहे. पाच-सहा तास ऊन द्यायचं आणि पानं जरा लवेपर्यंत पाणी नाही. मुळं कुंडीत गच्च झालेली तिला चालतात, उगाच मोठी कुंडी आणि भरपूर खत दिलं तर पानांचाच पसारा माजतो. आपण ज्याला फूल म्हणतो ती रंगीत पानंच असतात, खरं फूल आतली पांढरट इवली नळी.

मातीसाठी दोन भाग पोयटा, एक भाग जुनं शेणखत, एक भाग जाड रेती आणि मूठभर निंबोळी पेंड, एवढं पुरे. तळाशी विटांच्या तुकड्यांचा थर द्यायची रीत जुनी, पण तिने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, थराच्या वरच अडून राहतं. म्हणजे मुळांची जागा घटते आणि ओल त्यांच्याच उशाशी येते. भोकावर माती अडवायला एक खापरी ठेवली की झालं. पावसाळ्यात खालची ताटली काढून टाकावी, मुळांसाठीही आणि डासांसाठीही.

पूर्वेची बाल्कनी असेल, सकाळचं तीन तासांचं कोवळं ऊन असेल, तर अबोली. आठ-दहा इंची कुंडी, माती सुकू द्यायची नाही आणि तुंबू द्यायची नाही. कणसातलं शेवटचं फूल पडलं की कणीस देठाशी खुडायचं म्हणजे पुढचं लवकर येतं. पण एखादं राहू द्यावं. ते वाळून तपकिरी झालं की त्यावर बोटाने पाण्याचा थेंब सोडायचा आणि थांबायचं. टच्च आवाज होतो, बोंड उकलतं आणि बी शेजारच्या सदाफुलीच्या कुंडीत जाऊन पडतं.