ल्योंमधली डिबेटची रात्र

२० एप्रिल २०२२, बुधवार. मी फ्रान्समधल्या ल्यों शहरात क्रुआ-रूसच्या टेकडीवर एका आजींच्या घरी खोली घेऊन राहत होते. त्या रात्री ९ वाजता राष्ट्राध्यक्षपदाचे दोन उमेदवार, मॅक्रॉन आणि मारीन ले पेन, यांची डिबेट होती, रविवारी मतदान. आजींनी इस्त्रीचं टेबल टीव्हीसमोरच मांडलं आणि मला म्हणाल्या बसा, अडलं तर विचारा.

माझं फ्रेंच क्लासमध्ये शिकलेलं, त्यामुळे अर्धं डोक्यावरून गेलं. पण जे दिसत होतं त्यानेच मी खिळून राहिले. स्टुडिओत प्रेक्षक नाहीत, टाळ्या नाहीत. एका टेबलाला समोरासमोर दोन माणसं, प्रश्न विचारायला दोन पत्रकार, आणि कोण किती बोललं त्याचा सेकंदा-सेकंदाचा हिशोब. एकजण जास्त बोलला की पत्रकार सांगणार, तुमचा वेळ पुढे गेलाय, आता यांना बोलू द्या. आपल्याकडे एका स्क्रीनवर आठ चौकोन आणि आठहीजण एकदम ओरडतायत हे बघत मोठी झालेली मी, मला हे इतकं आवडलं की काय सांगू.

मधेमधे एकमेकांना तोडत होतेच, नाही असं नाही. मॅक्रॉन हाताची घडी घालून असे बघत होते की आजींना ते अजिबात पटलं नाही, त्या म्हणाल्या समोरचा बोलताना असं बसतात का. मॅक्रॉननी ले पेनबाईंच्या पक्षाने रशियन बँकेकडून घेतलेल्या कर्जाचा विषय काढला, म्हणाले तुम्ही रशियाशी बोलता तेव्हा तुमच्या बँकरशी बोलत असता. त्यावर ले पेनबाईंनी स्वतःचंच एक जुनं युक्रेनबद्दलचं ट्विट कागदावर मोठं छापून आणलेलं, ते कॅमेऱ्यापुढे धरलं. एवढं लागेल असं बोलून झालं तरी लगेच पुढे परत "मादाम ले पेन", "मस्य मॅक्रॉन".

महागाई, पेन्शनचं वय ६२ वरून ६५, असं सगळं चालू असताना आजींची इस्त्री थांबली नव्हती. ती थांबली हिजाबच्या मुद्द्यावर. सार्वजनिक जागी बंदी घालू असं ले पेन म्हणाल्या, मॅक्रॉन म्हणाले अशाने देशात यादवी माजेल. आजी इस्त्री उभी करून नुसत्या बघत राहिल्या, बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

पावणेतीन तासांनी संपलं तेव्हा मध्यरात्र व्हायला आलेली. मग आजी जुन्या गोष्टी सांगत बसल्या. १९७४ च्या पहिल्या डिबेटमध्ये तेव्हाचे उमेदवार जिस्कार समोरच्या उमेदवाराला, मित्तराँना, म्हणाले होते, काळजाची मक्तेदारी तुमच्याकडे नाही, आणि ते अवघ्या सव्वाचार लाख मतांनी जिंकले. २००२ ला डिबेट झालीच नाही, कारण तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी समोरच्या उमेदवारासोबत, म्हणजे ले पेनबाईंच्या वडिलांसोबत, बसायला नकार दिला. तो नकार बरोबर होता का यावर आजींचं मन आजही दोन्हीकडे जातं.

रविवारी मी त्यांच्यासोबत शाळेतल्या केंद्रापर्यंत गेले. दोन्ही नावांचे कागद घ्यायचे, पडद्यामागे जाऊन एक पाकिटात घालायचा आणि पाकीट पारदर्शक पेटीत टाकायचं. दारातून मला ऐकू आलं, पाकीट पडल्या पडल्या तिथला माणूस खणखणीत आवाजात म्हणाला, "आ व्होते!", म्हणजे मत दिलं. आजी बाहेर आल्या, कार्ड पर्समध्ये ठेवलं. कुणाला दिलं ते त्यांनी सांगितलं नाही.