धाकट्याने पोट दाखवलं

१४ मे, रात्री साडेअकरा

दुपारपासून कशात मन लागेना. गोष्ट एवढीशी आहे, पण जातच नाही डोक्यातून.

अडीचला लाईट गेली, कुलर बंद पडला आणि टाकीतला पारा ३१ वर गेला. या लाल पोटाच्या बेडकांना २८ च्या वर सोसत नाही. मूळचे ते कोरिया आणि चीनच्या ईशान्येकडच्या थंड मुलखातले, आणि आणून ठेवलेत लातूरच्या मे महिन्यात. नेहमीसारखी बर्फाची बाटली पाण्यात सोडायला हात घातला, तर बाटली खाडकन काचेला लागली. दोघांतली थोरली बुडी मारून दगडाखाली गेली. धाकटा पळाला नाही. जागच्या जागी त्याने पाठ खाली दाबून कमान केली, चारी पाय वर उचलले, तळवे उलटे केले आणि लाल-काळं पोट दाखवत तसाच थिजून राहिला.

वैरी समोर आला की ते असं करतात. मी विषारी आहे, तोंड लावू नको, असं सांगणं असतं ते. वाचलं होतं, पण दीड वर्षात एकदाही बघितलं नव्हतं. आज बघितलं, ते माझ्याच हातापुढे.

दीड वर्ष हाच हात आहे. नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, त्यालाही टीसीएलचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा वास. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून ओढून घेतो. पाण्यात जे असेल ते थेट त्याच्या अंगात. म्हणून बादली दोन-दोन दिवस उघडी ठेवायची आणि मगच ते पाणी टाकीत. रातकिडे पाळायचे, शेणखत उकरून गांडुळं काढायची. माय म्हणते, "तुळस वाळायली अन् तू बेडकाला पाणी वतायलास." २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तो उन्हाळा तिने घागरी वाहून काढलाय. तिचं चुकत नाही. पण ते राहू दे.

इतकं करून मी कोण, तर वैरी.

जेवतानाही तेच. आणि मग धोंडी आठवली. पाऊस लांबला की गावात धोंडी काढायचो, तेव्हा विहिरीतला बेडूक मीच धरायचो. पाण्यावरून टपाटप उड्या मारत जाणारे ते बारके बेडूक कुणाला सापडायचे नाहीत, मला सापडायचे. लिंबाच्या पाल्यात घालून मुसळाला बांधेपर्यंत तो माझ्या मुठीत असायचा आणि त्याचा गळा माझ्या अंगठ्याखाली उडत राहायचा. बायका तांब्याने वरून पाणी वतायच्या. नंतर पाऊस आला का, आठवत नाही. त्याला परत विहिरीत सोडलं का, तेही आठवत नाही. गळा तेवढा आठवतो.

दादाचे दोन फोन येऊन गेले. उचलले नाहीत. उद्या बघू.

नऊला टॉर्च घेऊन पुन्हा टाकीपाशी गेलो. धाकटा खापरीवर, अर्धा पाण्यात अर्धा बाहेर. एक गांडूळ सोडलं. यांना जीभ बाहेर फेकता येत नाही, त्यामुळे सगळं अंगच झोकून देतात आणि तोंडात मावत नाही ते पुढच्या दोन्ही हातांनी आत कोंबतात, लेकरू शेवया खातं तसं. सगळं खाल्लं त्याने. दुपारचं काही मनात धरलेलं दिसलं नाही. दुपारचा हात आणि रात्रीचा हात एकाच माणसाचा, हे त्याला कुठून कळावं? समोर हललेलं बारकं असेल तर खाणं, मोठं असेल तर मरण. त्यात माझ्यासाठी जागाच नाही.

हे लागलंच मनाला. अजून लागतंय. पण तिथे उकिडवा बसून बघता बघता वाटलं, दीड वर्ष काचेत काढूनही तो भ्यायला विसरला नाही, हे चांगलंच की. तब्येत धड आहे त्याची. दुपारी पोटही कसं लालभडक दिसलं! चारापाणी नीट नसलं की हा रंग उतरून पिवळट होतो, तो उतरलेला नाही. ओळख नाही तर नसू दे. मी ओळखतो त्याला.

लाईट उद्याही अडीचलाच जाणार. दोन बाटल्या भरून फ्रीजरमध्ये ठेवल्यात, गळ्याला सुतळी बांधून. कडेकडेने हळूच सोडता येतील, हात आत न घालता.