लाल शाईतला 'कोजंट'

नववीत 'शाळेला मैदान का हवे' या विषयावर मी इंग्रजीत निबंध लिहिला. सुविचार, थोरांची वचने, खेळांची नावे, जे आठवले ते त्यात घातले. सरांनी समासात लाल शाईने दोनच शब्द लिहिले : 'नॉट कोजंट'. शब्दकोशात 'पटण्याजोगा' असा अर्थ सापडला. मग माझे का पटले नाही, हे विचारायला शाळा सुटल्यावर मी सरांकडे गेलो.

सरांनी मला खिडकीशी नेले. मागच्या पडीक रानात धनगर मेंढ्या वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, घालत होता. सर म्हणाले, "लॅटिनमध्ये 'आगेरे' म्हणजे हाकणे. त्याला 'को' लागला की 'कोगेरे', एकत्र गोळा करून हाकणे. हा शब्द तिथला. अ‍ॅक्ट, एजंट हे त्याचेच भाऊबंद. तुझी मेंढरं धट्टीकट्टी आहेत रे, पण चार दिशांना चरतायत."

त्या रात्री निबंध पुन्हा लिहिला. वचने गेली, तीन कारणे उरली. खाली सरांचा शेरा होता, 'आत आली.' तेवढा आनंद मला पुढे कुठल्याच गुणपत्रिकेने दिला नाही.

शब्द कुठे शोभतो हेही सरांनीच शिकवले. पर्सुएसिव्ह विक्रेता असू शकतो. गोड बोलूनही माल खपतो. कन्व्हिन्सिंग तर क्रिकेटमधला विजयही असतो. कोजंट मात्र सहसा माणसाला लावत नाहीत. तो युक्तिवादाचा, कारणाचा, पुराव्याचा गुण. समोरचा हट्टाने 'नाही' म्हणाला तरी युक्तिवाद कोजंटच राहतो. मला हे फार मोलाचे वाटते.

पुढे मी न्यायालयीन भाषांतरात आलो आणि हा शब्द रोज भेटू लागला. दिलेला जामीन रद्द करायचा तर 'कोजंट' कारणे लागतात, असे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल सांगतात. आम्ही 'सबळ कारणे', 'सबळ पुरावा' लिहितो. रुळलेले शब्द आहेत, चुकीचे नाहीत. पण 'सबळ'मध्ये जोर येतो, हाकणे येत नाही. 'मुद्देसूद'मध्ये मांडणी येते, जोर येत नाही. युक्तिवादाला मी 'बिनतोड' लावतो. तिथे तो नेमका बसतो. पुराव्यापुढे मात्र अजून अडतो, आणि अडलो की ती खिडकी आठवते. सर असते तर वही घेऊन पुन्हा त्यांच्या दारात उभा राहिलो असतो.