थेंब

"मॅडम, या दगडात तेलच नाही, मग यात नोकरी कसली?"

आज प्रॅक्टिकलला एका मुलाने बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या दगडाचा, दीड इंची कोअर (दगडातून कापलेला दंडगोल नमुना) हातात फिरवत विचारलं. मी काही बोलायच्या आत त्याने त्यावर पाण्याचा थेंब ठेवला. थेंब तसाच बसून राहिला. शेजारच्या वालुकाश्मावर ठेवला, तर क्षणात आत.

"पण छिद्रं तर यातही आहेत!"

अरे, हाच तर आमच्या पेट्रोफिजिक्सचा, म्हणजे दगडांच्या भौतिक गुणधर्मांच्या शास्त्राचा, सगळा विषय! छिद्रं असणं वेगळं, ती एकमेकांना जोडलेली असणं वेगळं.

1974 मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात बॉम्बे हाय हे तेलक्षेत्र सापडलं, तेव्हापासून पेट्रोफिजिक्स म्हणजे तेल असंच लोकांच्या डोक्यात बसलंय. पण आपल्या विहिरीत पाणी कुठून झिरपतं, हेही याच शास्त्राने कळतं. आइसलँडच्या कार्बफिक्स या कार्बन जमिनीखाली साठवण्याच्या प्रकल्पात पाण्यात विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड बेसाल्टमध्ये सोडला. त्यातला 95 टक्क्यांहून जास्त दोन वर्षांच्या आत खनिज होऊन बसला. आणि आपल्या पायाखाली सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर बेसाल्ट आहे.

तो ऐकत राहिला. जाताना हळूच म्हणाला, "मला पटलं. पण घरी काय सांगू?"

संध्याकाळपासून तेच डोक्यात आहे. तुम्ही काय सांगितलं असतं?