इंजिनाचं स्थळ बघायला कुर्ल्याला

खंबाटकी घाट चढताना रेडिएटरचा होज, म्हणजे पाण्याचा रबरी पाइप, फुटला. गाणी चालू होती, तापमानाच्या काट्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. पाणी संपलं, हेड (इंजिनाचा वरचा भाग) वाकलं, पिस्टन जॅम. दहा वर्षांची सात सीटर डिझेल गाडी, आई-बाबांसकट आख्खं घर मावतं तिच्यात. विकायचं नावही घरात कुणी काढू देत नाही.

म्हणून आज मिस्त्रींना घेऊन जुनं इंजिन बघायला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर. पहिल्या दुकानातलं इंजिन धुऊनपुसून असं चकाचक, की मला लगेच आवडलं. मिस्त्री म्हणाले, "साहेब, आंघोळ घातलीय, तब्येत कुठे कळली?" कॉम्प्रेशन टेस्टला, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायला, दुकानदार नाही म्हणाला. दुसऱ्या दुकानात इंजिन चालू करून दाखवलं, पण ऑइलचं झाकण काढताच धूर भसाभसा वर! पिस्टनच्या रिंगा गेलेल्या. तिसरं चांगलं वाजत होतं. कागद मागितले तर "मिल जाएगा". कुठल्या गाडीचं, कुणाच्या, देव जाणे. आणि आरटीओत नवा इंजिन नंबर आरसीवर चढवायचा, विम्यालाही कळवायचं, म्हणजे बिल तर हवंच.

परतताना ठरलं, हाफ इंजिन कंपनीचंच नवीन घ्यायचं. ब्लॉक, क्रँक, पिस्टन त्यात येतात. आपलं हेड फेसिंग करून, म्हणजे मशीनवर सपाट करून, वर बसवायचं, तडा नसला तर. महाग पडतंय, नंबर तर यातही आरसीवर चढवावा लागेल, पण बिलाची कटकट नाही.

बाबांचा फोन आला: "नवीन होज घेतलास ना?"

तोच राहिला.